कामाचा शर्ट

गवत फुलायला लागलं की आजोबा आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहत. कामच तसं होतं त्यांचं. प्रयोगशाळेच्या काचघरात कुंड्यांमधून गवत वाढवायचं, तुरे फुलले की खाली गुळगुळीत कागद पसरून ते हलकेच झटकायचे आणि पडलेली पिवळी पूड, म्हणजे पराग, चाळून बाटल्यांत भरायची. अ‍ॅलर्जीची औषधं त्यातून बनत. आणि नातीला अ‍ॅलर्जी होती ती नेमकी गवताच्या परागांची!

"बाहेर औषध पुरवता आणि घरी आजार आणता," असं सून थट्टेनंच म्हणायची. पण ते त्यांना लागायचं. ते काचघराशेजारीच अंघोळ करत, कपडे बदलत, आणि तरीही घरी आल्यावर दारापाशी खुर्ची टाकून बसत. नात पलंगावर, आजोबा दारात. गोष्ट तेवढी खोली ओलांडून जायची.

"गवतोबा, मला मांडीवर घे ना."

"फुलोरा संपू दे गं, चिंगे."

"तोवर मी मोठी होईन!"

पोरं मांडीत मावतात ती वर्षं थोडीच.

अ‍ॅलर्जी कमी करणारं, परागांपासूनच बनवलेलं नेहमीचं इंजेक्शन नातीला एकदा देऊन झालं होतं. बघता बघता तिचे ओठ सुजले, श्वासाची शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरबाई शेजारीच होत्या म्हणून निभावलं. तेव्हापासून सुनेनं इंजेक्शनाचं नाव टाकलं होतं. त्यामुळे डॉक्टरबाईंनी नव्या औषधाचा विषय काढला तेव्हा ती उठूनच उभी राहिली.

"तो खेळ पुन्हा नको."

"बसा तर खरं. रक्तात काही पेशी असतात, पहारेकऱ्यांसारख्या. अंगावर गळासारखे आकडे लावून फिरतात. परागातलं प्रथिन आकड्यांत अडकलं की नुसता गोंधळ घालतात. सूज येते ती त्यानंच. जुन्या इंजेक्शनात प्रथिन अख्खं होतं. नव्यात त्याचे बारीक तुकडे आहेत. ते सहसा आकड्यांत अडकत नाहीत."

"मग उपयोग काय त्यांचा?" आजोबांनी विचारलं.

"दुसऱ्या पेशी असतात, घरातल्या वडीलधाऱ्यांसारख्या. नुसत्या तुकड्यावरूनही त्या पराग ओळखतात. पुन्हा पुन्हा दिसला की म्हणतात, हा नेहमीचाच आहे, आरडाओरडा नको." मग बाई सुनेकडे वळल्या. "सगळ्यांनाच गुण येतो असं नाही हं. खोटं कशाला सांगू?"

"आणि या तुकड्यांना माझे पराग लागतात?"

"नाही. ते यंत्रात तयार होतात."

"म्हणजे नातीला बरं करता करता माझी नोकरी खाणार म्हणा!"

सून हसली. ती हसली म्हणजे अर्धी तयार झाली, हे आजोबांना माहीत होतं.

औषध सुरू झालं. दर वेळी सून पोरीचे ओठ न्याहाळत बसायची आणि आजोबा दवाखान्याबाहेरच्या बाकावर टोपी मुरगाळत. काही वाईट झालं नाही. पण चांगलं झालंय का, हे कोण सांगणार?

पुढच्या फुलोऱ्यात डॉक्टरबाई स्वतःच काचघराच्या दाराशी आल्या. पोरीच्या रक्तातल्या पेशी त्यांनी आजोबांच्या परागांसमोर ठेवून पाहिल्या होत्या.

"पूर्वी तुटून पडायच्या. आता बऱ्याच गप्प आहेत."

"गप्प?"

"गप्प. पण घाई करू नका हं. जपूनच…"

पुढचं आजोबांच्या कानात शिरलंच नाही. ते निघाले ते थेट घरी.

दार उघडलं आणि पोर धावत येऊन त्यांना बिलगली. तेव्हा कुठे त्यांना आपली बाही दिसली. पिवळीधमक. अंघोळ नाही, कपडे तेच! पोलिसांनी पकडलेल्या चोरासारखे दोन्ही हात वर करून ते उभे राहिले. आतून सून श्वास मोकळा करायचा फवारा घेऊन धावली.

पोर शिंकली. एकदा.

दोघंही दुसऱ्या शिंकेची वाट पाहत राहिली. पोरीनं नाक शर्टावर पुसलं आणि तिथंच खुपसलं.

"गवतोबा, तुला वास येतो!"

"कसला गं?" हात तसेच वर ठेवून त्यांनी विचारलं.

"ओल्या कुंडीचा. रोज येतो?"

"रोज," ते म्हणाले.

सुनेनं पोरीचे ओठ पाहिले, छातीला कान लावला, पुन्हा ओठ पाहिले. मग फवारा खिशात टाकला.

"बाबा," ती म्हणाली, "हात खाली घ्या आता. दुखतील."