उद्या ये

अल्जीरियातल्या मोस्तागानेम शहराच्या तिजदित वस्तीत बेनाउदाला सगळे ओळखत. सव्वीस वर्षं त्याचं लेथचं दुकान होतं. मासेमारीच्या बोटीचा शाफ्ट असो नाहीतर पिठाच्या गिरणीचा दांडा, बाकीच्यांनी हात टेकलेलं काम शेवटी त्याच्याकडे यायचं. दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने त्याची नजर अधू झाली. रस्ता दिसे, माणसं दिसत, पण मापाच्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या. रेघा न दिसणारा लेथवाला काय कामाचा! त्याने लेथ दुकानासकट हुआरी नावाच्या एका तरुणाला विकलं, परवाना परत केला आणि तो घरी बसला.

त्याचा एकुलता मुलगा इल्यास सतरा वर्षांचा होता. जूनमध्ये शाळा सुटली ती कायमचीच. परीक्षेत दोनदा आपटला होता. पण पोरगा हाताचा चांगला. फ्रिज, एसी, बंदरावरची बर्फाची कोठारं, या थंड करणाऱ्या यंत्रांचं काम त्याला शिकायचं होतं. प्रशिक्षण केंद्राचा नियम साधा होता. आधी उस्ताद शोधा, करारपत्राच्या तीन प्रतींवर त्याची सही-शिक्का आणा, मग तुमचं नाव यादीत घालू. तीस सप्टेंबर शेवटची तारीख.

तीन आठवडे इल्यास रोज सकाळी करंतिकाचा, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या भाजलेल्या वडीचा, तुकडा पावात घालून, प्लास्टिकच्या पिशवीत ते कागद घेऊन बाहेर पडायचा. बरोबर त्याचा दोस्त झुबेर. तोही उस्ताद शोधत होता, फक्त त्याला लोखंडाचं काम हवं होतं. संध्याकाळी इल्यास परत येई तेव्हा कागद कोरेच असत.

"काय म्हणाले?" बेनाउदा विचारी.

"नाही म्हणाले."

"तुला मागताच येत नाही. मान खाली घालून पुटपुटत असशील. उद्या मी येतो."

"बाबा, तुम्ही नका येऊ."

"का? बापाची लाज वाटते?"

इल्यासने पिशवी खुंटीला अडकवली. आई खैरा भांडी आवरत होती. तिने एकदा मुलाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बेनाउदाने ठेवणीतला कोट घातला आणि मुलाला घेऊन थेट अद्दाकडे गेला. थंड करणाऱ्या यंत्रांच्या कामात शहरात अद्दाच्या तोडीचा माणूस नव्हता. दोघं एका वयाचे, एकाच मशिदीत नमाजाला जाणारे. अद्दाने हात पुसले, स्टूल पुढे सरकवलं, कॉफी मागवली. बेनाउदाला वाटलं, झालं काम.

"पोराला घे तुझ्या हाताखाली," तो म्हणाला. "एका सहीचा तर प्रश्न आहे."

अद्दाने कॉफी हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"बेनाउदा, सव्वीस वर्षांत तू किती पोरं घेतलीस रे?"

"माझं काम वेगळं होतं. लेथवर बोट जातं. कोण जबाबदारी घेणार?"

"बोट म्हणे! तू काय म्हणायचास ते सगळ्या बाजाराला पाठ आहे. शिकवलं की समोरच दुकान थाटतात. म्हणायचास ना?"

बेनाउदाने कप खाली ठेवला.

"माझा मुलगा चार दिवस सकाळी तुझ्या शटरपाशी उभा होता. तू रोज सांगायचास, उद्या ये. पाचव्या दिवशी तो गेला नाही. तुला काही फरकसुद्धा पडला नसेल."

शेजारी इल्यास उभा होता. त्याने कागदांची पिशवी शर्टाच्या आत घातली आणि म्हणाला, "येतो, काका. कॉफीबद्दल देव तुमचं भलं करो."

चढणीच्या रस्त्याने दोघं परतत होते. अर्ध्या वाटेत बेनाउदा थांबला.

"तुला माहीत होतं हे?"

"पहिल्याच दुकानात कळलं. सगळीकडे तेच, बेनाउदाचा का तू? मग ते हसायचे. काही काही हसायचे पण नाहीत."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"तुम्ही भांडायला गेला असता. आणि मला परत त्याच दारात जायचं होतं."

त्या दिवशी बेनाउदा जेवला नाही. खैराने हरीरा सुपाचा वाडगा पुढे ठेवला, उचलला, परत गरम करून ठेवला. शेवटी म्हणाली, "मी तेव्हा म्हटलं होतं. एकाला तरी घ्या म्हणून."

"म्हटलं होतंस," तो म्हणाला.

त्याच्या स्वतःच्या उस्तादाने त्याला असंच शिकवलं होतं, म्हणजे शिकवलं नव्हतंच. अवघड माप आलं की म्हातारा पाठ फिरवायचा, अंगाआड हात लपवायचा. बेनाउदा सहा वर्षं झाडू मारता मारता चोरून बघत शिकला. विद्या अशीच मिळते, चोरणाऱ्याला मिळते, असं त्याचं मत झालं होतं. दारात आलेली पोरं त्याला आठवेनात. एकाच्या पायात निळ्या चपला होत्या, एवढंच आठवलं, आणि तो कोण, हे काही केल्या आठवलं नाही.

तीन दिवसांनी तो एकटाच अद्दाकडे गेला.

"मागायला नाही आलो," दारातूनच म्हणाला. "तुझ्या मुलाचं नाव काय?"

अद्दाने पाना खाली ठेवला. "चार दिवस उभा होता, आणि नावसुद्धा विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"सुफियान. बोटीतून गेला पलीकडे. स्पेनमध्ये प्लास्टिकच्या छपराखाली टोमॅटो तोडतो. कागदपत्रं नाहीत, म्हणून येता येत नाही. त्याची आई गेली तेव्हा मी कबरीपाशी फोन हातात धरून उभा होतो. त्याला माती पडल्याचा आवाज तरी ऐकू यावा म्हणून."

बेनाउदाला ती मयत आठवली. तोही गेला होता. फोन धरलेला हात त्याने पाहिला होता आणि मनात म्हटलं होतं, काय हे, इथेसुद्धा फोन!

"मला माफ कर," तो म्हणाला.

"तुझ्यामुळेच गेला असं मी म्हणत नाही. तू घेतलं असतंस तरी कदाचित गेला असता. सगळेच जातायत." अद्दाने चेहऱ्यावरून हात फिरवला. "तुझ्या पोराशी माझं वैर नाही. चांगला वाटला. पण तो रोज इथे उभा राहील आणि मला रोज माझा दिसेल. तेवढं मोठं मन नाही माझं. जा आता."

परतताना बेनाउदा आपल्या जुन्या दुकानावरून गेला. आत हुआरी आटे पाडत होता आणि लेथ दातओठ खाल्ल्यासारखं करकरत होतं. बेनाउदाला राहवेना. तो आत शिरला.

"टूल वर बांधलंयस. जरा खाली घे. आणि वेग कमी कर, बोट पळवतोयस का?"

हुआरीने खाली घेतलं. करकर थांबली, गुळगुळीत सूर लागला. पोरगा बघतच राहिला. "उस्ताद, तुम्हाला तर दिसत नाही!"

"ऐकू येतं ना. किती माल वाया घालवलास या महिन्यात?"

हुआरी ओशाळून हसला. कोपऱ्यात बिघडलेल्या तुकड्यांचा ढीग होता.

"रोज सकाळी येईन मी," बेनाउदा म्हणाला. "जे येतं ते सगळं सांगेन. मला पैसे नकोत. फक्त एका पोराला उमेदवारीवर घे. कागदावर सही तुझी, शिकवायचं मी."

हुआरी एकटा कारागीर. नियमाप्रमाणे त्याला एकच शिकाऊ घेता येत होता. त्याने त्याच दिवशी कबूल केलं.

बेनाउदा घरी आला तो जवळजवळ पळतच. "आण ते कागद! झालं तुझं काम."

इल्यासने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, मला लेथ नको."

"काय?"

"झुबेरला द्या ती जागा. त्याला तेच शिकायचंय."

"अरे, दारोदार नाक घासलं मी तुझ्यासाठी! चार दिवस उरलेत. तुझं काय?"

"फेब्रुवारीत परत नावं घेतात. आणि खरं सांगू? तुम्ही मला शिकवणार नाही, माझ्यावर ओरडणार."

खैराला हसू आवरेना. महिन्याभरात पहिल्यांदा त्या घरात कुणी हसलं. बेनाउदा मात्र तणतणत गच्चीवर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा म्हणाला, "बोलाव त्या झुबेरला. नखं कापून ये म्हणावं."

तीस तारखेला केंद्राच्या भिंतीवर यादी लागली. झुबेरचं नाव होतं. इल्यासचं नव्हतं. तो हिवाळाभर बंदरावर सार्डिनच्या पेट्या उचलत होता. घरी आला की खैरा त्याचे कपडे बाहेरच काढायला लावायची. तो कधी कुरकुरला नाही, पण बोलणंही कमी झालं. समुद्राकडे तोंड करून बसलेला दिसला की बेनाउदाला सुफियानची बोट आठवायची. कधी कधी तो काठी टेकत बंदरावर जाई, लांबूनच पेट्यांच्या रांगेत इल्यासची हिरवी टोपी शोधी, दिसली की परते.

दुकानात पहिले दिवस वाईट गेले. झुबेर प्रत्येक गोष्टीला "का?" विचारायचा. बेनाउदाला अशा प्रश्नांची सवय नव्हती. एकदा शाफ्टचं शेवटचं माप घ्यायची वेळ आली. त्याने झुबेरला मापयंत्र धरायला लावलं, आकडा वाचायला लावला, आणि नेमकं कितीने टूल आत न्यायचं ते दाखवताना त्याच्याही नकळत त्याची पाठ फिरली. हात अंगाआड गेला. मागून झुबेर म्हणाला, "उस्ताद, मला दिसत नाही."

बेनाउदाने अंगाआडचा आपला हात पाहिला. मग बाजूला सरकला. "इकडे ये. माझ्या हातावर हात ठेव. आता फिरव."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अद्दा दुकानात आला. हातात कॉम्प्रेसरचा झिजलेला दांडा होता. हुआरी बाहेर गेला होता, बेनाउदा स्टुलावर बसला होता. अद्दाने दांडा झुबेरच्या हातात दिला आणि तो काम करत असताना पाहत राहिला. झुबेरने ठरल्या वेळात, अद्दाने सांगितलं तसं काम केलं. अद्दाने दांड्यावर बोट फिरवून पाहिलं.

जाता जाता तो बेनाउदाकडे न बघता म्हणाला, "माझा शिकाऊ लष्करात चाललाय. जागा रिकामी होतेय. इल्यासला पाठव."

बेनाउदा स्टुलावरून उठला.

"उपकार नाही करत. मला माणूस लागतोय," अद्दा म्हणाला आणि निघून गेला.

तीन प्रतींवर सह्या झाल्या, शिक्के उमटले. इल्यास आता अद्दाकडे आहे. काम शिकतो, शिव्याही खातो. बेनाउदा आणि अद्दा मशिदीत भेटले की सलाम होतो, त्यापुढे बोलणं जात नाही. एकदा इल्यासने धीर करून विचारलं, "काका, बाबांना तुम्ही माफ केलंत का?"

अद्दा शिडीवर होता. वरूनच म्हणाला, "त्या नळीला साबणाचं पाणी लाव. गॅस कुठे गळतोय ते बघ आधी."