सळई कानानं लावणारा

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांना तोंड उघडायला सांगतो आणि रविवारी माझ्या गिटार-दुरुस्तीच्या दुकानात येऊन स्वतःचं उघडतो. त्याच्याकडे गिटार नऊ, आणि वाजवता येणारी गाणी चार. त्या रविवारी तो केबल घेऊन आला. गिटारपासून अँप्लिफायरपर्यंत जाते ती साधी वायर, पण मखमली पिशवीत.

"भाऊजी, तुमची केबल वरचा आवाज खाते," तो म्हणाला. "स्वस्त वायर, त्यात दहा मीटर लांब. सूर बोथट होतो."

त्या केबलला डाख मी माझ्या हातानं दिलेला. हौशी माणसाला ऐकू येतं कमी आणि वाचलेलं आठवतं फार. मी त्याला म्हटलं, "वायर ती वायर. चुळा भरायला सांग लोकांना, इथं शिकवू नकोस."

माझं हातातलं काम नुकतंच संपलं होतं. गिटारच्या मानेत आत एक लोखंडी सळई असते. तारा मानेला पुढे ओढतात, सळई तिला मागे धरून ठेवते. टोकाशी पाना लावून ती पाव फेरा जास्त आवळली, की तारा मानेवरच्या पट्ट्यांना घासून झिरझिरतात. बाकीचे कारागीर तारेखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवून फट मोजतात. मी असल्या पट्ट्या कधी विकतही घेतल्या नाहीत. ज्यांना कान नाहीत त्यांची ती अवजारं. मी एकतीस वर्षं सळई कानानं लावतोय.

ही गिटार एका वादकाची होती आणि झिरझिरते म्हणून त्यानं दुसऱ्यांदा आणली होती. पहिल्यांदा मी त्याला बोटं नीट दाबायला शिकून ये म्हणून घालवून दिलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं. गेल्या दोन वर्षांत असे बरेच निघाले, हल्ली कुणाला मेहनत नको. पण या वेळी तो हसण्यावारी न्यायला तयार नव्हता. "काका, उद्या रेकॉर्डिंग आहे. आज पाच वाजता न्यायला येतो. आताही झिरझिरली तर मी दुसरीकडे जाईन, आणि आमची सगळी मंडळीही." मी पाना फिरवला होता, तारा छेडून ऐकल्या होत्या. स्वच्छ. गिटार तयार होती.

म्हणजे दंतवैद्याची जिरवायला वेळच वेळ होता. त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. त्याचीच गिटार, एकच स्वर, दहा वेळा. केबल कधी त्याची, कधी माझी. मला दहाही वेळा तेच ऐकू येत होतं, त्यामुळे मी आधीच हसत होतो. त्यानं दहाच्या दहा बरोबर सांगितल्या.

"प्लग काढल्याचा आवाज ऐकून सांगतोयस," मी म्हटलं. मग केबल बदलो न बदलो, दर वेळी प्लग काढून पुन्हा घातला. परत दहा.

खिडकीपाशी बायको माझ्या शर्टाला बटण लावत बसली होती. तिनं मानही वर केली नाही. "आत्ता याची वायर होती."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"त्यात कळायचं काय? तुमच्या वायरीतून आवाज तोंडावर उशी दाबल्यासारखा येतो."

तिला गिटारच्या तारा किती हेही सांगता येणार नाही. मी टेबलावरची गिटार उचलली, तिच्या कानाशी नेली आणि एकेक तार वाजवली. "आणि ही?"

"झिरझिरतेय."

"कुठली तार?"

"सगळ्याच." तिनं दोरा दातानं तोडला. "पण दोनेक वर्षं तुमच्या सगळ्याच गिटारी झिरझिरतात की. मला वाटलं, त्या तशाच असतात."

चार वाजले होते. रविवार, बाजार बंद, फट मोजायच्या पट्ट्या मिळणार कुठून? ज्यांना मी बोटं दाबायला शिकवली, ते सगळे डोळ्यांपुढून गेले. शेवटी मी गिटार मेहुण्याच्या मांडीवर ठेवली. "वाजव," मी म्हटलं.

त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. मानेवरच्या एकेका पट्टीवर बोट ठेवून तो तार छेडायचा, मी पाना धरून त्याच्या तोंडाकडे बघायचो. "अजून सैल, भाऊजी. अजून थोडी. थांबा, पाच मिनिटं लाकडाला बसू द्या." असा पाऊण तास गेला.

पाचला वादक आला. उभ्याउभ्याच त्यानं सगळी मान वरपासून खालपर्यंत वाजवून पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला. "काका, शेवटी तुमचे कान ते तुमचे कान," असं म्हणून तो माझ्या पाया पडायला वाकला.

मेहुणा दोन हातांच्या अंतरावर बसला होता. असा मोका मला मिळाला असता तर मी तो वर्षभर पुरवून वापरला असता. तो नुसता म्हणाला, "हो, भाऊजींना सगळं ऐकू येतं." आवाजात टोमणा नव्हता, मी नीट ऐकलं. ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही.