न पिकलेली सुई

मोहगावात भगवंतरावांच्या अंगणातल्या सुईचं भारी कौतुक होतं. गेल्या हिवाळ्यात तिथे क्षयाच्या लसीचं शिबिर झालं आणि एकाही लेकराचा दंड पिकला नाही. ना फोड, ना व्रण. बाया अजून त्यांना दुवा देत होत्या.

धाकटी सून नलिनी सौसरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. शिबिराच्या दिवशी ती शाळेत होती आणि नंतर घरच्यांच्या आनंदात तिनेही दंडाकडे फारसं पाहिलं नव्हतं. आज तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, दादाराव नागपूरहून क्षयाचं निदान घेऊन परतले, तेव्हा तिने आपल्या तान्ह्या स्मिताचं झबलं बाजूला सारलं. दंड अगदी गुळगुळीत. तिचं डोकंच फिरलं.

"मामाजी, शिबिरात औषध कुठं ठेवलं होतं?"

"बर्फातलं औषध लेकरायले बाधते," भगवंतराव सुपारी कातरत म्हणाले. "सुखदेव कंपाउंडर ऐकत नव्हता. म्याच शिश्या उन्हात ठेवाले लावल्या. म्हणून तं सुई पिकली नाही."

"ते पिकालेच पाह्यजे होती. त्या औषधात अशक्त केलेले जिवंत जंतू असतात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यायच्यासंगं झगडतात, म्हणून फोड येते. त्या झगड्यातच त्या क्षय ओळखाले शिकतात. तुम्ही जंतू उन्हात मारून टाकले. आता पेशी शिकतीन कोणापासून?"

"दोन बुकं काय शिकली, मले शिकवून राहिली." त्यांनी दादारावांच्या जयश्रीला जवळ ओढून बाही वर केली. "हे पाह्य, कसा साफ दंड हाय."

आतल्या खोलीत दादाराव खोकले. जयश्री रोज त्यांच्याच कुशीत झोपायची. म्हाताऱ्याचा हात पोरीच्या दंडावर तसाच राहिला.

नलिनीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने स्मिताला खांद्यावर टाकलं, जयश्रीचं मनगट धरलं आणि ओट्यावर आली. तिथे बाया गप्पा हाणत बसल्या होत्या.

"ज्यायच्या लेकरायचे दंड साफ आहेत, त्यायनं माह्यासंगं सौसरच्या दवाखान्यात चला. आमच्या अंगणातली सुई वाया गेली."

भगवंतराव मागोमाग दारात आले. "हळू बोल, सूनबाई. लोकं ऐकून राहिले. माह्यी अब्रू जाईन."

"ऐकू द्या, मामाजी. जयश्रीले काही झालं तं तेही ऐकतीनच."