एक गाडी सोडून

कीर्तीचा फोन रोज चार वाजले की मान टाकायचा. सकाळी शंभर टक्के भरून तासगावला न्यावा, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये टेबलावर नुसता पालथा ठेवावा, तरी ऑफिस सुटायच्या आत स्क्रीन काळी. नवरा अरिहंत म्हणायचा, "तुझा फोन हाय का दिवाळीतली फुलबाजी?" सासू आक्काताईंची तक्रार वेगळी होती. जैनाचं घर, दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची. सून कुठवर आली ते दिसावं म्हणून अरिहंतनं आईच्या आणि आपल्या फोनवर नकाशा लावून ठेवला होता. कीर्तीचा ठिपका सांगलीच्या रस्त्याला लागला की आक्काताई तवा ठेवायच्या. ठिपकाच दिसेना, तर भाकरी टाकायची कवा?

आता यात वाईट म्हणावं असं काय आहे? काहीच नाही, आणि तीच तर पंचाईत होती. घरात कोणी हात उगारत नव्हतं, कोणी टाकून बोलत नव्हतं. सून गरम जेवावी म्हणून सासू नकाशा बघत होती. असल्या मायेची तक्रार करायची कुणाकडं, आणि कोणत्या तोंडानं?

पण खोटं कशाला बोला, फोन मेला की कीर्तीला बरं वाटायचं. तासगावच्या स्टँडवर तिची गाडी लागायची, बाया चढायच्या, कंडक्टर बेल मारायचा, आणि कीर्ती बाकावर बसून राहायची. एक गाडी सोडायची, एवढंच. कुणाला भेटणं नाही, काही खाणं नाही. पुढची गाडी येईपर्यंत ती कुणाची सून नसायची, कुणाची बायको नसायची. घरी "गाडी चुकली" म्हटलं की भागायचं. अख्ख्या दिवसात तेवढा अर्धा तास तिचा होता, आणि तो तिला जिवापाड हवा होता.

एका रविवारी अरिहंत तिला मुजीबच्या मोबाईलच्या दुकानात घेऊन गेला. मुजीबनं सेटिंग उघडून बघितलं आणि हसला.

"बॅटरीला काय धाड भरली न्हाई, अरिहंतभाऊ. वहिनींचं लोकेशन दिवसभर चालू हाय, त्येच पितंय बॅटरी. बंद करू? रात्रीपतोर चालंल."

"त्ये ऱ्हाऊ दे," अरिहंत म्हणाला. "दुसरा फोन दाव, मोठ्या बॅटरीचा."

मुजीब कीर्तीकडं वळला. "वहिनी, फोन तुमचा. तुमी सांगा, बंद करू?"

'करा' म्हणायचं, बास. शब्द अगदी ओठावर आला होता. मग तिला पुढचं दिसलं. का गं, कशाला बंद? याचं उत्तर काय द्यायचं? मला एक गाडी सोडायची असते, हे काय उत्तर झालं?

"नवाच घेऊ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सवयीनं बाकावर बसून राहिली. गाडी गेली आणि फोन वाजला.

"गाडी गेली की गं. तू स्टँडवरच दिसतीस?" अरिहंतच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती.

"चुकली."

"गाडी यायच्या आधीपासनं तितंच हाईस, मग चुकली कशी?"

त्यानंतर ती पहिल्याच गाडीत चढू लागली. आधी आधी राग यायचा, मग नुसतं रडू यायचं, मग दोन्ही येईनासं झालं. जेवण जात होतं, झोप लागत होती. माणसाला आणखी काय लागतं, असं लोक म्हणतात, तसं तीही म्हणायला लागली.

द्राक्षं संपत आली तेव्हाची गोष्ट. रात्रभर लाईट नव्हती, फोन चार्ज झालाच नाही आणि दुपारीच बंद पडला. संध्याकाळी कीर्ती स्टँडवर आली. बाक रिकामा होता. आज तिला कुणी बघत नव्हतं. गाडी लागली. कीर्ती सरळ जाऊन चढली.

खिडकीशी टेकल्यावर तिच्या ध्यानात आलं, आज गाडी सोडता आली असती. गाडी अजून उभीच होती, उतरता आलं असतं. तिनं तिकिटाचे पैसे काढून हातात धरले.

घरात पाऊल टाकलं तसं आक्काताईंनी चकित होऊन बघितलं, आणि घाईनं तवा ठेवला.

"फोन बंद हुता, तरी पयल्याच गाडीनं आलीस व्हय? शानी गं माझी बाय."

कीर्ती हातपाय धुऊन ताटावर बसली. भाकरी गरम होती.