पदवीचा भाव

दादाने माझ्या पदवीचा हिशेब काच कापायच्या टेबलावरच मांडला, तोही एका जुन्या बिलाच्या पाठीवर. कोरा कागदसुद्धा त्याला माझ्यावर वाया घालवायचा नव्हता.

गणिताच्या पदवीला माझा नंबर लागला होता. पहिल्या वर्षाचे अठरा हजार संध्याकाळी पाचच्या आत भरले नाहीत, तर जागा पुढच्याला जाणार होती. तेव्हा तीन वाजले होते. बाबा स्टुलावर बसून ऐकत होते. बाबा इतक्या शांतपणे ऐकायला लागले की समजावं, निकाल आधीच लागलाय.

"तीन वर्षांची फी चौपन्न हजार," दादा म्हणाला. "ही कॉलेजात गेली की गल्ल्यावर माणूस ठेवावा लागणार. त्याचे महिन्याला दहा हजार, म्हणजे तीन वर्षांचे तीन लाख साठ. झाले चार लाख चौदा हजार. आणि शेवटी मिळणार काय? मागच्या गल्लीतले गणिताचे सर पंधरा हजारांवर घासतायत. आपलं दुकान महिन्याला पंचेचाळीस देतं. गणितच शिकायचंय ना तुला? हे घे गणित."

त्या गल्ल्यावर मी चार वर्षं बसतेय. परका बसला तर दहा हजार आणि मी बसले तर शून्य, हे मात्र त्याच्या कागदावर कुठेच नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

"पंचेचाळीस कुठून आणलेस?"

"प्रत्येक बिलातून तेवढ्या काचेची खरेदी वजा केली. उरली ती कमाई. शाळेतल्या पोरालाही कळेल."

"आणि जी काच बिलात आलीच नाही, तिचं काय?"

आमच्या दुकानात काच फुटते, पण 'फुटली' असं कुणी म्हणत नाही. आजोबांपासूनची पद्धत आहे ही. तो शब्द तोंडातून काढला की आणखी फुटते म्हणे. 'गेली' म्हणायचं, झाडून पोत्यात भरायचं आणि विषय संपवायचा. ज्याचं नावच घ्यायचं नाही, ते वहीत कोण लिहिणार?

मी माल उतरवल्याच्या चिठ्ठ्या काढल्या आणि बिलबुक पुढ्यात ओढलं. मागच्या महिन्यात चाळीस शीट आल्या होत्या. मांडणीवर महिन्याच्या सुरुवातीला जेवढ्या होत्या, तेवढ्याच शेवटीही होत्या. बिलांची बेरीज केली, तर विकलेली काच भरली फक्त एकतीस शीटांची. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

"नऊ शीट फुटल्या," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. बाबांचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला. "एक चार हजारांची. छत्तीस हजार झाले. काढ तुझ्या पंचेचाळीसमधून. नऊ उरतात. त्या सरांना हसतोस कुठल्या तोंडाने?"

"कडेच्या पट्ट्या निघतात, त्या धरल्यास का?" दादा लालबुंद झाला होता.

"दोन शीट धर पट्ट्यांच्या. बाकीच्या सात कुणाच्या हातून गेल्या, तेही सांगू?"

त्याने कागद चुरगळून टाकला. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

बाबांनी चिठ्ठ्या उचलून एकेक पाहिली. "तीस वर्षांत हे कुणी दाखवलं नाही मला," ते म्हणाले. "उद्यापासून वही तुझ्याकडे."

"आणि फी?"

दादाला तेवढंच हवं होतं. "दहा मिनिटांत काढलंस की सगळं! मग तीन वर्षं कॉलेजात जाऊन आणखी काय दिवे लावणार?"

बाबांनी मान हलवली. त्याच्या बाजूने हलवली.

"बाबा, यातल्या पाच शीट जरी वाचल्या तरी महिन्याला वीस हजार वाचतात. एका महिन्यात फी निघते. माझ्या कामाचे म्हणून द्या."

"घरच्या माणसाला कामाचे पैसे देतात का कुणी?" बाबा म्हणाले. रागाने नाही, अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. ते रागावले असते तर मी थांबले असते कदाचित.

मी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. समोर आरसेवाल्या काकांचं दुकान आहे. आमची गिऱ्हाइकं त्यांनी फोडली, तेव्हापासून सहा वर्षं बाबा त्यांच्याशी बोलत नाहीत.

"काका, अठरा हजार हवेत. पाचच्या आत. वर्षभर दर रविवारी तुमच्या वह्या लिहीन."

"वह्या माझ्या मी लिहितो," काका म्हणाले. "तुझे बाबा शीट कुणाकडून घेतात आणि कितीला, ते सांग."

बाजारात ती शीट साडेचार हजारांच्या खाली मिळत नाही. बाबांना एक जुना एजंट चार हजारांत देतो. चाळीस शीटांमागे महिन्याला वीस हजारांचा फरक. काकांनी तो एजंट पळवला, तर ते नऊ हजार सोडाच, दर महिन्याला खिशातून अकरा हजार घालावे लागतील. हा हिशेब माझ्या डोक्यात काकांच्या दारात उभ्या उभ्या झाला. झाला नसता तर बरं झालं असतं. घड्याळात सव्वाचार वाजले होते.

मी नाव सांगितलं आणि भावही सांगितला.

साडेचारला माझ्या फोनवर फी भरल्याची पावती आली. काका तोवर एजंटला फोन लावत होते. "हुशार आहेस," ते म्हणाले. "बाबांनी आपल्या पैशांनी शिकवलं असतं ना तुला, तर फार स्वस्तात पडलं असतं त्यांना."

किती स्वस्तात, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. बाबांना अठरा हजार भरायचे नव्हते, आता त्यांचे वर्षाला दोन लाख चाळीस हजार जाणार. मी बाहेर आले. पलीकडे बाबा दुकानाच्या दारात उभे राहून माझ्याकडेच बघत होते. आमचं घर दुकानाच्या मागे आहे आणि आत जायला दुसरं दार नाही.