साहिलची गिटार कशाने रडत होती

गुरुवारची दुपार झाली की कोंडवाडीच्या देवळापुढे जीपगाड्यांची रांग लागायची. पोलादपूरची माणसे यायची, महाडची यायची, एकदा तर तुडीलहून टेम्पो भरून आला. कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या हातात हार आणि मोबाइल मात्र सगळ्यांच्या हातात. सभामंडपात पाटावर लाल कापड अंथरून त्यावर एक इलेक्ट्रिक गिटार आडवी ठेवलेली असे. तिला हळदकुंकू वाहिलेले असे. तिच्यातून मेलेला माणूस बोलतो, अशी बोलवा होती. बोलतो म्हणजे काय, तर घूंऽऽ करतो. एवढ्यासाठी ही गर्दी!

मेलेला माणूस म्हणजे साहिल, महिपत आणि येसूबाईचा थोरला मुलगा. लग्नसमारंभांच्या ऑर्केस्ट्रात तो गिटार वाजवायचा. गेल्या पावसाळ्यात कशेडी घाटात धुक्यात ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवले. मागे राहिली बायको रूपाली आणि पहिलीतली मुलगी सेजल. रूपाली महाडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची.

तेराव्यानंतर धाकट्या किशोरने गिटार चालते का बघावे म्हणून ती स्पीकरच्या खोक्याला जोडली आणि बटण दाबले. खोका घुमायला लागला. येसूबाईने सुपातले तांदूळ तिथेच टाकले आणि “माझा पोर हाय त्यात” म्हणत खोक्याला मिठी मारली. आईचे सोडा, तिचे काळीज जळत होते. पण किशोर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन कारखान्यात मशिनी सांभाळतो. त्याने काय करावे? वायर तपासावी? छे. त्याने महाराजांना फोन केला.

हे महाराज म्हणजे श्री नादानंद. घाटापलीकडच्या गावात हाच माणूस पूर्वी चांगू स्पीकरवाला होता आणि वरातीत भोंगे लावायचा. मग कुठे तरी दाढी वाढली, कफनी आली आणि चांगूचा नादानंद झाला. त्याचे आधीचे नाव विचारावे असे कोंडवाडीत एकालाही वाटले नाही. त्याने मात्र पहिल्याच दिवशी गिटार उलटीपालटी करून नीट पाहिली, आणि डोळे मिटून त्याने प्रवचनाला सुरुवात केली.

“ही जी व्हायब्रेशन हाय ना मंडळी, ती आत्म्याची फ्रिक्वेन्सी हाय. सायन्सलापण आता हे मान्य करावं लागलंय. आत्मा तारेत अटकलाय. का अटकला? घरात कोणाची तरी सावली हाय म्हणून.”

सायन्सने हे कुठे मान्य केले ते सांगायला महाराज विसरले. विचारायला लोकही विसरले.

मग एका गुरुवारी देवळात परीक्षा सुरू झाली. महाराज डावा तळवा गिटारीच्या चकचकीत पत्र्यावर, बटणे असतात त्या जागी, आशीर्वाद दिल्यासारखा टेकवायचे. उजव्या हाताने समोरच्याचे मनगट धरायचे आणि त्याची बोटे तारांवर ठेवायचे. महिपतने तारांना हात लावला, घूं थांबले. येसूबाईने लावला, थांबले. गावाचा कारभार पाहणाऱ्या गावकार कोंडाजीने लावला, थांबले. शेवटी रूपालीला पुढे बोलावले. महाराजांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. विधवेला ते शिवत नाहीत, साधनेचा नियम आहे, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. नियम सगळ्यांच्याच ओळखीचा होता, हळदीकुंकवाला रूपालीला कोण बोलावत होते? तिने स्वतःच बोटे टेकवली आणि खोका असा ओरडला की पुढच्या बायका मागच्या बायकांच्या अंगावर पडल्या.

महाराजांनी निकाल दिला. नवऱ्याचा जीव हिनेच घेतला, वर्षश्राद्धाआधी हिने घर सोडावे, नाही तर दुसरा बळी जाईल. पोरगी मात्र साहिलचे रक्त आहे, ती इथेच राहील आणि आईचे तोंड बघणार नाही.

महिपत मान खाली घालून बसला. कोंडाजी म्हणाला, गावाच्या भल्यासाठी हे करायला पाहिजे. किशोर हे सगळे मोबाइलवर घेत होता.

आणि रूपाली? वर्गात विजेचा धडा शिकवणारी ही बाई त्या दुपारी गप्प राहिली, कारण तो आवाज साहिलचा असावा असे तिलाही वाटले. रागावलेला का होईना, पण तो असावा. दुःखात माणसाचे डोके असे चालते, आणि चांगूसारख्यांचे पोट त्यावर चालते. त्याचा संताप येतो तो यासाठी.

पुढचे काही दिवस सेजल आजीजवळ झोपू लागली, तिला तशी सवयच लावायला घेतली होती. एका सकाळी शाळेच्या एसटीत शेजारच्या बाईने रूपालीला मोबाइल दाखवला. बघा हो, कोंडवाडीचा चमत्कार. तो किशोरचाच व्हिडिओ होता. त्यातली चेटकीण शेजारीच बसली आहे, हे त्या बाईला कळले नाही. रूपालीने तो पाहिला, मग पुन्हा लावायला सांगितला. सगळे जग तारांवरची बोटे बघत होते. तिने महाराजांचा डावा हात पाहिला. पत्र्यावर हात असला की आवाज बसत होता, उचलला की चढत होता.

मग तिला तो रविवार आठवला. साहिल ओटीवर गिटार उघडून बसला होता. मुंबईहून आणलेले नवे पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी चुंबके, त्याने बसवले होते. तारा जिथे टेकतात ती जुनी पट्टी काढून नवी पितळी लावली होती. रूपाली टॉर्च धरून उभी होती. या पट्टीखाली एक वायर यायला हवी, तो म्हणाला होता, तिच्यामुळे तारांना अर्थिंग मिळते, ती नसेल तर हात लावला की खोका बोंबलतो. एवढ्यात ऑर्केस्ट्राचा फोन आला. परत आल्यावर वायर जोडू म्हणून त्याने स्क्रू पिळले आणि तो निघाला. तो काही आला नाही.

एसटीत बसल्या बसल्या रूपाली रडली. साहिल दुसऱ्यांदा गेल्यासारखे तिला झाले. पण महाडच्या स्टँडवर उतरली ती डोळे पुसूनच.

पुढच्या गुरुवारी तिला घराबाहेर काढण्याचा समारंभ होता. होय, समारंभच, प्रसादाचा शिरासुद्धा शिजत होता. रूपाली पर्स घेऊन पुढे आली आणि कोंडाजीला म्हणाली, “काका, मी जाते. फक्त जाण्याआधी परीक्षा पुन्हा होऊ दे. आणि या खेपेला महाराजांनी हात मांडीवर ठेवावेत.”

महाराज म्हणाले, आत्म्याची अशी परीक्षा बघू नये. पण लोक तमाशाला आले होते, त्यांना तो हवाच होता. कोंडाजीने मान डोलावली आणि किशोरने खोका चालू केला.

“मामंजी, लावा हात.”

महिपतने तारांना बोट लावले. खोका ओरडला. त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. कोंडाजीने लावला, खोका तसाच ओरडला. आता गावकारानेही साहिलला मारले म्हणायचे का? कोणीतरी मागून महाराजांनाच आग्रह केला. त्यांनी डाव्या हाताने हळूच पत्रा गाठायला पाहिले, पण रूपालीने पाट आपल्याकडे ओढला. महाराजांची बोटे तारांवर पडली आणि साहिलचा आत्मा त्यांच्यावरही तितकाच खवळला.

मग रूपालीने एक बोट पत्र्यावर ठेवले, दुसऱ्या हाताने तारा धरल्या. आवाज खाली बसला. इतक्या दिवसांनी खोका तिच्या हाताखाली गप्प झाला होता.

तिने खोका बंद केला, पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पितळी पट्टी उचलली. खालच्या भोकात एक काळी वायर वेटोळे घालून पडली होती. ती तिने सर्वांना दाखवली आणि वर्गात सांगतात तसे सांगितले. आजूबाजूच्या दिव्यांच्या, पंख्यांच्या विजेची घरघर आपले अंग पकडते. तारांना अर्थिंग नसेल तर ती घरघर बोटांतून तारांवर आणि पिकअपमधून खोक्यात जाते. पत्र्याला अर्थिंग आहे. महाराजांचा एक हात पत्र्यावर आणि दुसरा तुमच्या मनगटावर, म्हणून तुमची घरघर त्यांच्यातून निघून जायची. तिने वायर पट्टीखाली दाबून स्क्रू पिळला आणि खोका पुन्हा लावला. मग महिपत, कोंडाजी, शिरा ढवळणारी बाई, ज्याने त्याने तारांना हात लावून पाहिला. खोका ओरडला नाही.

महाराज उठून उभे राहिले. “बघा मंडळी, आत्म्याला मुक्ती मिळाली. आमची साधना फळाला आली.”

रूपालीने खोका बंद केला, स्क्रू सैल केला, वायर बाहेर ओढली आणि खोका लावून तारांना हात लावला. घूंऽऽ. मग वायर पुन्हा आत, पुन्हा शांत.

“आता एकदा परत अडकला आणि एकदा परत सुटला,” ती म्हणाली. “कितीदा मुक्ती हवी तेवढी सांगा, माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे.”

पहिल्यांदा हसली ती शिरा ढवळणारी बाई. मग सगळा मंडप हसला, आणि त्यातले बहुतेक जण मागच्या गुरुवारी हात जोडून बसलेले होते. आपण आधीपासून ओळखले होते, असेही दोघातिघांनी सांगून टाकले. चांगूने चप्पल शोधायला घेतली, पण रूपालीने पोलादपूरच्या ठाण्यात सकाळीच अर्ज दिला होता. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, आणि बाईला चेटकीण ठरवणे हा त्यात गुन्हा आहे. जीप आली ती हार घेऊन नाही.

मंडप रिकामा झाल्यावर येसूबाई पाटापाशी येऊन बसली.

“म्हंजे माझा साहिल नव्हता त्यात?”

“नव्हता, आई. त्याचं अर्धं राहिलेलं काम होतं.”

म्हातारी तेव्हा रडली. इतके दिवस ती गिटारीशी बोलत होती, रडली नव्हती. रडता रडता तिने हात पुढे केला आणि रूपालीचे मनगट धरले.

वाचकहो, चमत्कार दिसला तर जरूर बघा. फक्त करणाऱ्याचे हात बाजूला ठेवायला सांगा आणि म्हणा, आता पुन्हा करून दाखव. आणखी एक गोष्ट सांगतो, ती विजेची नाही. आवाज वायरीमुळे येत होता हे खरे, पण चांगूची युक्ती चालली ती विधवेचा हात धरायचा नाही हा नियम आपण सगळ्यांनी आधीच पाळून ठेवला होता म्हणून. त्या भर मंडपात कोणीही एकाने पत्र्याला टेकून रूपालीचा हात धरला असता, तर खोका त्याच गुरुवारी गप्प झाला असता.