विटकरीची भुकटी

आमच्या मिशनच्या आवारातल्या विहिरीचं पाणी असं खारट, की त्यात डाळ म्हणून शिजायची नाही. त्याच पाण्याने मी तीन वर्षं दवाखान्याची मोटार धुतली. माझे यजमान गिदोन त्या मोटारीचे ड्रायव्हर आणि मी तिथेच आया. शनिवारी संध्याकाळी, प्रार्थनेची घंटा होण्याआधी मोटार धुवायची, म्हणजे रविवारी चर्चपुढे लखलखीत उभी राहील. रविवारी आमच्यात कुणी कामाला हात लावत नाही. घंटा झाली की मी बादली टाकून पळायचे आणि काचांवरचं पाणी आपोआप वाळायचं. त्याचे पांढरे डाग बसत गेले. देवी येऊन गेलेल्या तोंडासारख्या काचा झाल्या होत्या.

एकोणसाठच्या डिसेंबरात नवे डॉक्टर यायचे ठरले. सोमवारी सकाळच्या गाडीने ते दौंडला उतरणार होते आणि यांनी शिरूरहून त्यांना आणायला जायचं होतं. बन्यामीन आप्पा म्हणजे चर्चचे वडील, म्हणजे पंच, आणि दवाखान्याचे कारभारीही. नाकाने कांदे सोलणारा माणूस. त्यांनी सगळ्यांदेखत काचेवर काठी टेकवली आणि सांगितलं, सोमवारपर्यंत डाग गेले नाहीत तर दुसरा ड्रायव्हर बघू. तो दुसरा कोण, हे सगळ्या आवाराला ठाऊक होतं. आप्पांचा पुतण्या आठ महिने घरी बसून होता. नोकरी गेली असती तर ड्रायव्हरची खोलीही गेली असती.

यांनी सावळाराम सोनाराकडून दागिने उजळायची लाल पूड आणली. आधी चिंचेच्या पाण्याने डाग भिजवायचा, मग लोकरीच्या चिंधीवर चिमूटभर पूड घेऊन हळूहळू गोल हात फिरवायचा. एका काचेला एक दिवस. मला तो संथपणा बघवेना. शनिवारी घंटा झाली तेव्हा बाजूच्या आणि मागच्या काचा आरशासारख्या झाल्या होत्या, समोरची तशीच होती. यांनी चिंधी घडी करून ठेवली.

मी चिडले. म्हटलं, उद्या तासभर हात चालवला तर देव काही कोपणार नाही, त्याला समजेल.

"त्याला समजंल गं," हे म्हणाले. "मला न्हाई जमणार."

रविवारी मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. समोरची काच डागाळलेली म्हणून मोटारही त्या दिवशी चर्चपुढे न नेता आमच्या खोलीपुढेच ठेवली होती. चर्चमधून गाणं ऐकू येऊ लागलं, तशी मी चिंच घेतली, चुलीतली राख घेतली आणि विटकरीची भुकटी घेतली. माझी पितळेची भांडी साऱ्या आवारात नावाजलेली. चिंच तीच, मग पुढचंही तेच, एवढंच माझं शहाणपण. गाण्याच्या ठेक्यावर मी समोरची काच खसाखसा घासली. पाणी मारलं तर एक डाग शिल्लक नाही. आप्पांना काय काय ऐकवायचं, ते मी मनात जुळवायलाही लागले.

मग काच वाळली. उन्हात तिच्यावर हजारो बारीक चरे चमकले आणि सगळी काच धुरकट पांढरी दिसू लागली. हे चर्चमधून आले तेव्हा सांगता आलं असतं. सांगितलं नाही. मोटारीवर ताडपत्री ओढली आणि दव पडेल म्हणून झाकली, असं म्हटलं.

सोमवारी हे अंधारातच निघाले. कंदिलाच्या उजेडात समोरच्या काचेवर डाग नाहीत, एवढंच त्यांना दिसलं. माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि आत बसले. रागावले की सुखावले, मला आजही ठाऊक नाही.

न्हावऱ्याच्या पुढे सूर्य समोरून वर आला आणि काच दुधासारखी पांढरी झाली. रखमाजी धनगराची मेंढरं रस्ता ओलांडत होती. मेंढरं वाचली. त्यांच्यामागून कोकरू घेऊन चाललेल्या त्याच्या बायकोचा, म्हाळसाचा पाय चाकाखाली गेला. यांनी तिला उचलून मोटारीत घातलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून मोटार शिरूरपर्यंत परत आणली. डॉक्टर दुपारपर्यंत दौंडच्या स्टेशनावर वाट बघत होते.

संध्याकाळी ते पोचले आणि म्हाळसाचा पाय त्यांना गुडघ्याखाली कापावा लागला. तिचं अंथरूण बदलायचं काम माझ्याकडे आलं. "तुमच्या मालकानं उचलून आणलं, म्हून जगले बाई," असं ती रोज म्हणायची. मला तिथून पळून जावंसं वाटे.

आठवड्याने चर्चच्या मंडळीची सभा बसली. शनिवारी काचेवर डाग होते, हे सगळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे काच रविवारी घासली गेली. कुणी घासली, असं आप्पांनी विचारलं.

हे उठले. "म्या घासली. उपासना झाल्यावर."

आप्पा माझ्याकडे वळले. "राहेल, तू बघितलंस?"

साऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. हे मात्र खाली बघत होते.

"व्हय," मी म्हणाले.

यांची नोकरी गेली. रविवार मोडला म्हणून वर्षभर प्रभुभोजनही, म्हणजे पाप मनात लपवून कुणी घेऊ नये अशी उपासनेतली भाकर, बंद झालं. माझं काम राहिलं, म्हणून आवाराच्या टोकाला एक खोली मिळाली. तिथे सामान लावताना हे पहिल्यांदा त्याविषयी बोलले.

"दोघांचंबी काम जाऊ नये म्हून म्या बोललो. पर राहेल, आदल्या दिशी सांगितलं असतंस, तर म्या गाडीच काढली नसती."

उरलेली लाल पूड त्यांनी सोनाराला परत द्यायला म्हणून कोनाड्यात ठेवली.

पुढच्या प्रभुभोजनाला हे शेवटच्या बाकावर बसले. ताट त्यांच्यासमोरून तसंच पुढे गेलं. मग आप्पा बायकांच्या बाजूला आले आणि ताट माझ्यापुढे धरलं. चिंचेने आणि राखेने फाटलेली माझी बोटं अजून भरली नव्हती. मी भाकरीचा तुकडा उचलला. घेतला नसता, तर का घेतला नाही, असं त्यांनी विचारलं असतं.